हाय खाल्ली, म्हणजे काय झाले?

आमच्या लहानपणी वाड्यात कोणी अकाली गेले, की ओट्यावर बसलेली म्हातारी माणसे एका वाक्यात निकाल लावीत, ‘त्यानं हाय खाल्ली.’ कोणाचा तरणाताठा मुलगा गेलेला असे, कोणाची जमीन सावकाराने गिळलेली असे, कोणाला सख्ख्या भावाने वाटणीत फसवलेले असे. त्यानंतर वर्ष-सहा महिन्यांत धडधाकट माणूस गेला, तर दुसरे कारण कोणी विचारीत नसे. हाय खाल्ली, एवढे पुरेसे होते.

पुढे आम्ही शिकलो-सवरलो. कोलेस्टेरॉल, रक्तदाब, मधुमेह हे शब्द घरोघर आले. हृदयविकाराची कारणे रक्त तपासून आकड्यांत सांगता येऊ लागली आणि हाय खाण्याची गोष्ट अडाण्यांच्या समजुतींत जमा झाली. मीही ती तिथेच टाकून दिली होती. ती परत उचलून पाहण्याची वेळ आली दोन माणसांमुळे. त्यांतला एक म्हणजे आमच्या शाखेचे हेडकॅशियर. दुसरा मी स्वतः.

हेडकॅशियरना सगळी शाखा अण्णा म्हणत असे. मी अधिकारी म्हणून त्या शाखेत गेलो तेव्हा ते माझ्याहून बारा वर्षांनी मोठे होते, तरी मला ‘साहेब’ म्हणत आणि कामात चूक दिसली, की त्याच आदराने माझे कान उपटीत. त्यांची रोकड कधी एका रुपयाने चुकलेली मी पाहिली नाही. संध्याकाळी तिजोरीला दोन किल्ल्या लागत, एक त्यांची, एक माझी. कुलूप लागल्यावर ते दार दोनदा ओढून पाहत आणि मगच खिशातला तंबाखू काढीत.

२०००-०१ मध्ये सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. देशभरात सुमारे लाखभर कर्मचाऱ्यांनी ती घेतली. अण्णांनीही घेतली. वय त्रेपन्न. मुलीचे लग्न उरकायचे होते आणि हातात एकरकमी पैसे येत होते. निरोपसमारंभात त्यांनी नारळ, शाल घेतली आणि भाषण करायला उभे राहून काहीच न बोलता बसले. आम्हाला वाटले, गहिवरून आले असेल.

दीड वर्षाने त्यांना हृदयविकाराचा झटका आला. फार मोठा नव्हता. दहा दिवसांत घरी आले. मी भेटायला कराडला गेलो तेव्हा ते पडवीत खुर्चीवर बसून होते. समोर वर्तमानपत्र होते, पण घडी मोडलेली नव्हती. मी बँकेतल्या गमतीजमती सांगितल्या. ते ‘हो का?’ म्हणत राहिले. आत वहिनी हलक्या आवाजात म्हणाल्या, “भाऊजी, तुम्ही तरी समजावून सांगा. फिरायला जात नाहीत, धड जेवत नाहीत. पहाटे तीनला उठून बसतात.” मी बाहेर आलो आणि समजावले. मन खंबीर करा अण्णा, एवढ्या मोठ्या दुखण्यातून उठलात, नातवंडांत रमा, देवळात जात जा. ते मान हलवीत होते. मी निघालो तेव्हा उठून फाटकापर्यंतही आले नाहीत. त्याचा मला थोडा रागच आला.

अकरा महिन्यांनी दुसरा झटका आला आणि अण्णा गेले. दिवसकार्यानंतर वहिनींनी त्यांच्या टेबलाचा खण दाखवला. आत औषधांच्या पट्ट्या होत्या. महिन्यावार लावलेल्या, प्रत्येक महिन्याच्या गठ्ठ्याला रबर. एकही गोळी फोडलेली नव्हती. शेजारी बसलेल्या एका वृद्ध नातेवाइकांनी सुस्कारा टाकला, “नोकरी सुटल्याची हाय खाल्ली बघा.” मी सुशिक्षित माणूस. मनात म्हटले, हाय कसली, गोळ्या घेतल्या नाहीत म्हणून गेले.

आम्ही दोघेही अर्धे बरोबर होतो, हे समजायला मला वीस वर्षे लागली.

कॅनडात मॉन्ट्रियल हार्ट इन्स्टिट्यूट नावाची प्रसिद्ध संस्था आहे. तिथे नॅन्सी फ्रेजर-स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झटक्यातून वाचलेल्या २२२ रुग्णांना, रुग्णालयात असतानाच, मनःस्थितीबद्दल पद्धतशीर प्रश्न विचारले आणि पुढचे सहा महिने त्यांच्यावर लक्ष ठेवले. साधारण सहा रुग्णांमागे एकाला तीव्र नैराश्य होते. सहा महिन्यांत या नैराश्यग्रस्तांमध्ये मृत्यूचा धोका इतरांच्या सुमारे चौपट निघाला, तोही हृदयाची हानी किती झाली आहे वगैरे बाबी हिशेबात धरून. हा निबंध १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे अण्णांना पहिला झटका आला त्याच्या आधी जवळजवळ दहा वर्षे.

त्यानंतर निरनिराळ्या देशांत पुष्कळ काम झाले. हृदय निरोगी असलेल्या प्रौढ माणसांना अनेक वर्षे नजरेखाली ठेवणाऱ्या अभ्यासांची एकत्र बेरीज केली, तेव्हा नैराश्य असलेल्यांना पुढे हृदयविकार होण्याचा धोका इतरांच्या दीडपटीहून अधिक दिसला. २००४ मध्ये ‘इंटरहार्ट’ या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. मूळचे केरळचे डॉ. सलीम युसुफ त्याचे प्रमुख. भारतासह ५२ देशांतली सुमारे तीस हजार माणसे त्यात होती. हृदयविकाराच्या पहिल्या झटक्यामागे जी नऊ प्रमुख कारणे त्यांनी मांडली, त्यांत सिगारेट, रक्तदाब, मधुमेह, रक्तातील चरबी, पोटाचा घेर यांच्या पंक्तीला मानसिक ताण आणि नैराश्य यांचा गटही बसवलेला होता. याच अभ्यासातून आणखी एक गोष्ट पुढे आली. आपल्या दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला झटका इतरांपेक्षा सुमारे सहा वर्षे आधी, साधारण त्रेपन्नाव्या वर्षाच्या आसपास येतो. पन्नाशीत नोकरीवरून घरी बसणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

आता प्रश्न असा, की मनातले दुःख छातीत पोचते कसे? विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने १६२८ मध्ये रक्ताभिसरण सिद्ध करणारा ग्रंथ लिहिला, त्यातही मनातल्या खळबळीचा परिणाम हृदयापर्यंत जातो असे नोंदवले आहे. आणि आपल्याकडे तर गीतेची सुरुवातच विषादाने होते. पहिल्या अध्यायात अर्जुन आपल्या मनाची अवस्था सांगतो ती शरीराच्या भाषेत. तोंडाला कोरड, अंगाला कंप, गळून गेलेले हात. मन एकीकडे आणि देह दुसरीकडे अशी वाटणी त्याने केलेली नाही. ती आपण नंतर केली.

डॉक्टर मंडळी या प्रवासाच्या दोन वाटा सांगतात. पहिली साधी आणि डोळ्यांना दिसणारी. ज्याला जगण्यातच रस उरलेला नाही तो गोळ्या वेळेवर घेत नाही, चालायला जात नाही, पथ्य पाळत नाही. सिगारेट-तंबाखू सुटलेली असेल तर परत सुरू होते. झोप उडते. खणातल्या त्या पट्ट्या म्हणजे ही वाट. अण्णांनी गोळ्या घेतल्या नाहीत हे खरे. पण का घेतल्या नाहीत, हा प्रश्न मी विचारलाच नव्हता. आयुष्यभर पैन् पै मोजणारा माणूस विसरतो थोडाच?

दुसरी वाट रक्तातून जाते. दीर्घकाळच्या नैराश्यात शरीर सतत संकट आल्यासारखे वागते. कॉर्टिसॉल आणि अ‍ॅड्रेनालिन यांसारखी ताणाची संप्रेरके वाढलेली राहतात. त्यामुळे रक्तदाब आणि साखर बिघडते. रक्त गोठवणाऱ्या पेशी, म्हणजे प्लेटलेट्स, एकमेकींना अधिक सहज चिकटू लागतात. रक्तवाहिन्यांना आतून बारीक सूज राहते आणि चरबीचा थर साचायला सोय होते. निरोगी हृदयाच्या ठोक्यांमधले अंतर श्वासाबरोबर किंचित कमी-जास्त होत असते. ही लवचीकताही नैराश्यात कमी होते. असे हृदय धक्का सोसण्यात कमी पडते. यांतल्या कोणत्या गोष्टीचा वाटा किती, यावर तज्ज्ञांत वाद आहेत. वाट उलट दिशेनेही चालते. झटका येऊन गेलेल्या दर पाच जणांत सुमारे एकाला तीव्र नैराश्य येते, आणि सौम्य नैराश्य धरले तर हे प्रमाण तिघांत एकापर्यंत जाते.

एकदम बसलेल्या धक्क्याची गोष्ट याहून वेगळी. जपानी डॉक्टरांनी १९९० मध्ये ‘ताकोत्सुबो’ नावाचा विकार वर्णन केला. मोठे दुःख किंवा भीती यांमुळे हृदयाचा डावा कप्पा अचानक फुगून ऑक्टोपस पकडायच्या जपानी मडक्यासारखा दिसू लागतो. लक्षणे थेट हृदयविकाराच्या झटक्याची, पण रक्तवाहिनी तुंबलेली नसते. उतारवयातल्या स्त्रियांमध्ये तो अधिक आढळतो, आणि बहुतेक जण काही आठवड्यांत बरे होतात. ओट्यावरच्या म्हाताऱ्यांना हे नाव ऐकवले असते तर त्यांना नवल वाटले नसते.

माझे स्वतःचे दुखणे २०२२ मधले. छातीत भरून आले, डावा हात जड झाला, आणि तासाभरात मी रुग्णालयात होतो. अँजिओप्लास्टी झाली. चौथ्या दिवशी घरी. सगळे सुरळीत होते. भेटायला येणारे म्हणत, “काका, तुम्ही तर ठणठणीत दिसता!” मीही हसून ‘हो’ म्हणत असे.

दीड महिन्याने तपासणीला गेलो. माझे कागद पाहून डॉक्टर खूश होते. आम्ही उठणार तेवढ्यात पत्नी म्हणाली, “डॉक्टर, एक सांगायचं होतं. हे हल्ली चहाला नावं ठेवत नाहीत.”

डॉक्टरांना काही कळेना. तिने समजावून सांगितले. छत्तीस वर्षे संसार झाला. चहा पाणचट झाला, आले जास्त पडले, कप गार होता, यांतले काहीतरी मी रोज म्हणतोच. महिनाभर जे पुढे येईल ते मी पिऊन टाकतो. अर्धी लिहिलेली कादंबरी टेबलावर आहे, तिच्यावरची धूळही मी झटकू देत नाही. पुस्तक उघडतो आणि पान उलटत नाही.

मला तिचा भयंकर राग आला. घरातल्या गोष्टी अशा चव्हाट्यावर मांडायच्या? पण डॉक्टरांनी पेन खाली ठेवले आणि मला दोन प्रश्न विचारले. गेल्या दोन आठवड्यांत, नेहमीच्या गोष्टींत रस किंवा आनंद वाटत नाही, असे किती दिवस झाले? आणि उदास, खचल्यासारखे, सगळे व्यर्थ असे किती दिवस वाटले? मी ‘तसं काही नाही’ म्हणायला तोंड उघडले आणि मला पडवीतली ती खुर्ची दिसली. घडी न मोडलेले वर्तमानपत्र दिसले. मी म्हणालो, “जवळजवळ रोज.”

हे दोन प्रश्न त्या डॉक्टरांचे स्वतःचे नव्हेत. जगभर वापरली जाणारी ती छोटी चाचणी आहे. उत्तरे काळजी वाटावी अशी आली, की पुढचे सविस्तर प्रश्न विचारतात. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००८ मध्ये हृदयरुग्णांना हे प्रश्न विचारावेत अशी शिफारस केली. २०१४ मध्ये तिच्या तज्ज्ञगटाने आणखी पुढे जाऊन सांगितले, की झटका येऊन गेलेल्यांत नैराश्य हा पुढच्या धोक्याचाच एक घटक मानावा. प्रश्न विचारायला दोन मिनिटे लागतात, कोणतेही यंत्र लागत नाही.

पुढचे आठ महिने मी मानसोपचारतज्ज्ञांची गोळी घेतली, दर आठवड्याला समुपदेशनाला गेलो आणि रोज सकाळी डॉक्टरांनी आखून दिल्याप्रमाणे चाललो. पहिले दोन-तीन आठवडे काही फरक वाटला नाही. औषध फेकून द्यावेसे वाटले. मग हळूहळू झोप लागू लागली. एक दिवस पानावर एक वाक्य लिहिले गेले. वाईट होते, पण ते वाईट आहे हे मला समजले, त्याचाच आनंद झाला.

इथे हिशेब चोख मांडला पाहिजे. नैराश्यावर उपचार केले म्हणजे दुसरा झटका टळेलच, असे विज्ञान आज सांगत नाही. अमेरिकेत २,४८१ हृदयरुग्णांवर झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत समुपदेशनाने रुग्णांचे मन सुधारले, पण मृत्यू किंवा दुसरा झटका यांच्या प्रमाणात फरक पडला नाही. उलट दक्षिण कोरियात ३०० रुग्णांना सहा महिने नैराश्याचे औषध किंवा तसेच दिसणारी रिकामी गोळी देऊन पुढे सुमारे आठ वर्षे पाहिले. २०१८ मधल्या त्या अहवालानुसार औषध घेतलेल्यांपैकी ४१ टक्क्यांना आणि न घेतलेल्यांपैकी ५४ टक्क्यांना मृत्यू, पुन्हा झटका किंवा पुन्हा अँजिओप्लास्टी यांपैकी काहीतरी भोगावे लागले. चाचणी लहान आहे, एकाच देशातली आहे. तेव्हा या मुद्द्यावर अजून खातेबंदी झालेली नाही. पण उपचाराने माणूस बरा होतो, जेवू-झोपू लागतो, गोळ्या घेऊ लागतो, यात शंका नाही. तेवढेही थोडे आहे का?

औषधांची भीती मात्र पुष्कळांना असते. नैराश्यावरची काही जुनी औषधे हृदयाला खरोखरच जड जात. नव्या पिढीतल्या सरट्रालीन या औषधाची ३६९ हृदयरुग्णांवर चाचणी झाली आणि ते हृदयाला सुरक्षित असल्याचे २००२ मध्ये दिसून आले. तरीही ही औषधे आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या एकत्र घेताना रक्तस्राव होण्याची शक्यता थोडी वाढते. म्हणून हृदयाच्या डॉक्टरांना मनाची औषधे आणि मनाच्या डॉक्टरांना हृदयाची औषधे सांगितलीच पाहिजेत. शेजाऱ्याची चिठ्ठी दाखवून गोळ्या आणू नयेत, आणि सुरू असलेली गोळी मनाने एकदम बंद करू नये.

घरच्या माणसांनी काय पाहावे? रडणे पाहू नये. नैराश्य आलेली पुष्कळ माणसे, विशेषतः पुरुष, रडत नाहीत. ती चिडतात, नाही तर गप्प होतात. पहाटेची झोप मोडते, जेवणावरची वासना जाते, किंवा दिवसभर नुसते खात राहतात. आवडीची गोष्ट सुटते. भजनाला जाणारी बाई भजनाला जात नाही, क्रिकेट पाहणारा माणूस स्कोअर विचारीत नाही. दोन आठवड्यांहून जास्त हे चालले, तर डॉक्टरांना सांगावे. आपण जे घरातले खासगी समजतो ते त्यांना उपयोगी असते. ‘मन खंबीर कर’ एवढे मात्र म्हणू नये. पाय मोडलेल्याला ‘नीट चाल’ म्हणण्यासारखे ते आहे. जगण्याचाच कंटाळा आल्याची भाषा कोणी केली, तर दोन आठवडे थांबायचे नाही. त्याला एकटे ठेवू नये आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

याची दुसरी बाजूही सांगतो. एकदा माणसाला ‘डिप्रेशन आहे’ असा शिक्का बसला, की त्याच्या छातीतल्या दुखण्यालाही घरचे ‘मनाचे खेळ’ म्हणू लागतात. स्त्रियांच्या बाबतीत तर हे फारच होते. छातीत दुखले, दम लागला, घाम फुटला, तर आधी हृदय तपासावे, मग मनाचे बोलावे. मन दुखावलेले असले म्हणून हृदय निर्धास्त होत नाही, उलट त्याचा धोका अधिक असतो, हे एवढ्या वेळ आपण पाहिलेच.

बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत पाहणी केली, तेव्हा वीस प्रौढांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य आलेले आढळले. त्यांतल्या बहुतेकांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना शारीरिक आणि मानसिक आजारांत भेद करायला मनाई केली आहे. २०२२ पासून ‘टेलि-मानस’ ही केंद्र सरकारची मोफत दूरध्वनी सेवा सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६. तिथे मराठीतूनही बोलता येते.

बरा झाल्यावर मी कराडला वहिनींना भेटायला गेलो. आता त्या सत्तरीच्या पुढे आहेत. माझ्या दुखण्याची सगळी हकिगत सांगितली, मनाच्या दुखण्याचीही. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “भाऊजी, मी त्यांना फार टोचून बोलले हो. ‘आयतं बसून खाता,’ असंसुद्धा एकदा बोलून गेले.”

“तो आळस नव्हता, वहिनी. आजार होता.”

“मग डॉक्टरांना तो कसा दिसला नाही?”

“कुणी विचारलंच नाही,” मी म्हणालो. “मी समोर बसून होतो. मीही विचारलं नाही.”

त्या उठून आत गेल्या आणि चहा घेऊन आल्या. मग इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. मुलीचे बरे चालले आहे, नातू पुण्याला शिकतो. मी निघालो तेव्हा त्या फाटकापर्यंत सोडायला आल्या. फाटकाला हात लावून थांबल्या आणि म्हणाल्या, “आता रात्री झोप लागते ना तुम्हाला? खरं सांगा.”

“लागते,” मी म्हणालो. “आणि तुम्हाला?”

त्यांनी लगेच उत्तर दिले नाही. मी फाटक लोटून परत आत आलो आणि पडवीतल्या खुर्चीवर बसलो.